एम-थ्री निंगाला का?

वऱ्हाडात इंजिनिअरिंगच्या पोराची तब्येत कोणी आधी विचारत नाही. आधी ठरलेला प्रश्न येतो, "काऊन बे, एम-थ्री निंगाला का?"

एम-थ्री म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित. अमरावतीत १९६४ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा त्याची धास्ती मोजक्या घरांपुरती होती. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं, त्याच वर्षी बडनेरा, अकोला, शेगावला खासगी कॉलेजं निघाली आणि कपाशी पिकवणाऱ्या घरांतही 'एटीकेटी' ऐकू येऊ लागली.

अकोल्याचा एक पोरगा अशाच एका घरातला. नव्वदच्या दशकात अमरावतीच्या गाडगेनगरात खोली करून राहिलेला, बारावीत गणितात भरघोस मार्क घेतलेला. एम-थ्रीत आपटला. घरी जाताना बडनेऱ्याला पॅसेंजर पकडायची, ग्रेवालचं जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि मूर्तिजापूर यायच्या आत ते मिटायचं.

त्याचं घोडं अडायचं ते एकाच जागी. लाप्लास रूपांतर घेणं सोपं. तक्ता पाठ केला की झालं. उलट येताना मात्र आंशिक अपूर्णांक पाडावे लागत. तिथे छेदातलं एक चिन्ह चुकलं, की e च्या डोक्यावरचा वजा जाई आणि हळूहळू शमायला हवं ते कंपन उत्तरात भडकत सुटे. खऱ्या यंत्रात असं झालं तर काय होईल, हे वर्गात कोणी विचारत नसे. विचारायचा विषय म्हणजे कंट्रोल सिस्टिम्स. तो यायचा पुढच्या वर्षांत, लाप्लास विसरून झाल्यावर. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी जेवणाआधी बडीशेप वाढावी तसा हा प्रकार.

गंमत अशी, की त्याच एम-थ्रीतलं 'युनिट स्टेप फंक्शन' ज्या ऑलिव्हर हेविसाइडच्या नावाने ओळखतात, त्याने सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती. तो तार कंपनीतल्या यंत्रांवर काम करत शिकला. त्याच्या रीतींना सिद्धता नाही म्हणून त्या काळचे गणितज्ञ नाक मुरडत; तारांमधून संदेश कसा धावतो हे मात्र त्याला नेमकं कळे.

एम-थ्री अखेर निघाला, जेमतेम. पुढे अकोला जिल्ह्यातल्याच पारसच्या औष्णिक वीज केंद्रात तो कामाला लागला आणि तिथे बॉयलरच्या ड्रममध्ये लाप्लास पुन्हा भेटला. विजेची मागणी एकदम वाढली, की वाफ जास्त खेचली जाते, ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात. पाणी खरं तर कमी होत असतं, पण पातळी वर चढलेली दिसते. नुसत्या पातळीवर विसंबणारा कंट्रोलर अशा वेळी पाणी कमी करतो, म्हणजे नेमकं उलटं. म्हणून पातळीच्या जोडीला वाफेचा आणि पाण्याचा प्रवाहही मोजतात. आधी उलट्या दिशेने जाणारी ही चाल ट्रान्सफर फंक्शनच्या अंशात दिसते, एका चिन्हात. ते चिन्ह त्याने तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

परवा अकोल्यात भाच्याचा एम-थ्री अडला, तेव्हा त्याने कागद ओढून ड्रम काढला, बुडबुडे काढले, अर्धा तास समजावलं. पोरगं शांतपणे ऐकत होतं.

"बरोबर हाय मामाजी," ते म्हणालं, "पन पेपरात कोन्तं एक्झाम्पल येईन, थे सांगा ना."