१७० मीटर

मे महिन्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कूलरमध्ये पाणी ओतायचं आणि पडून राहायचं. नेमक्या याच दिवसांत आमच्या गावची दोन-चार वेडी माणसं एव्हरेस्टवर थंडीत कुडकुडत असतात, याची मला दरवर्षी गंमत वाटते.

तिथला हंगामच तो. हिवाळाभर शिखरावर जेट प्रवाहाचे प्रचंड वारे असतात. मेच्या मध्याला, मॉन्सूनच्या आधी, ते उत्तरेकडे सरकतात आणि मोजके दिवस वारा पडतो. त्या चार दिवसांसाठी माणसं महिना-दीड महिना घालवतात. शरीराला विरळ हवेची सवय लावायला वर जायचं, खाली यायचं, आणि मग ५,३६४ मीटरवरच्या बेसकॅम्पात अंदाजाची वाट पाहत बसायचं. फोटो मात्र आपण शिखरावरचेच बघतो.

२०१७ साली आपल्या मनीषा वाघमारे शिखर अवघं १७० मीटर उरलं असताना खराब हवेमुळे परत फिरल्या. १७० मीटर म्हणजे किती हो? आपला देवगिरीचा डोंगर साधारण दोनशे मीटरचा. शाळेच्या सहलीतली पोरं दंगा करत वर जातात. तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "थोडं थांबून बघायचं ना!"

पण थांबायचं कुठे? बेसकॅम्पवर थांबता येतं. ८,००० मीटरच्या वर शरीर तासातासाला झिजत जातं, ऑक्सिजनचे सिलिंडर मोजून नेलेले असतात आणि वादळ कधी शमेल ते कुणी सांगू शकत नाही. तिथे वाट पाहायची म्हणजे खाली उतरून, जमल्यास पुढच्या वर्षापर्यंत.

हिमालयाला तिसरा ध्रुव म्हणतात, त्यावरून खऱ्या ध्रुवावरचे स्कॉट आठवतात. मार्च १९१२. दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स वादळामुळे तंबूत अडकले. अन्न-इंधनाचा पुढचा साठा फक्त ११ मैलांवर होता. स्कॉटच्या डायरीतली शेवटची नोंद २९ मार्चची आहे. त्यांनी थांबायचं ठरवलं असं म्हणणंही चूकच, कारण पाय काम देत नव्हते आणि खाली उतरायला तिथे 'खाली' असं काही नव्हतंच.

आमच्या इथले पोलीस शिपाई रफीक शेख यांचं थांबणं आणखी वेगळं. २०१४ मध्ये खुंबूच्या हिमप्रपातात १६ शेर्पा गेले आणि हंगाम बंद झाला. २०१५ मध्ये भूकंप. दोन वर्षं घरी यायचं, ड्यूटीवर जायचं, "काय, झालं का?" हे ऐकायचं, आणि पुन्हा लाखो रुपये उभे करायला निघायचं. हे पैशांचं मला चढाईपेक्षा अवघड वाटतं, खरं सांगतो. १९ मे २०१६ ला ते शिखरावर पोचले.

मनीषाताईही पुन्हा गेल्या आणि २१ मे २०१८ ला त्यांनी शिखर गाठलं. आमच्या ट्रेकिंगवाल्या मंडळींत त्यांचा विषय निघाला की सगळे २०१८ बद्दल बोलतात. मला कधी संधी मिळाली तर २०१७ बद्दलच विचारीन. पाठ फिरवल्यानंतरच्या पहिल्या तासात त्या आणि त्यांचा शेर्पा एकमेकांशी काय बोलले? की काहीच नाही?