केसपेपराचे वाचन

आमचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यामुळे औषधांची भाषा आम्हांस कायद्याच्या पदवीपूर्वीच परिचित झाली. वैद्यकीय हयगयीचे प्रकरण आले, की नोटीस धाडण्यापूर्वी आम्ही केसपेपर मागवितो. २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावयाचे असतात. मग त्या विषयातील जाणत्या डॉक्टरांसह, पक्षकाराला शेजारी बसवून, ते ओळीने वाचतो. १९६८ मध्ये ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांकडून वाजवी कौशल्य व काळजी अपेक्षिली. अत्युच्च नव्हे, तशीच सुमारही नव्हे. ही सीमारेषा एकट्या वकिलास दिसत नाही. पुष्कळदा आप्तांना भरपाईहून अधिक हवे असते ते एवढेच, की शेवटच्या रात्री काय घडले, हे कुणी नीट सांगावे. ते कळल्यावर काही दावे दाखलच होत नाहीत. जे होतात, ते भक्कम पायावर उभे राहतात.