गोदामाईच्या सासरी

मैत्रिणींनो, ‘त्रिभुज प्रदेश’ हा धडा मी सात वर्षं शिकवते आहे. फळ्यावर त्रिकोण काढायचा, नदीला फाटे फोडायचे, की झालं! गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, आपल्या घाटावरचं पाणी तिथं पोचतं का हो?’’ मी ‘‘पोचतं की!’’ म्हणून वेळ मारून नेली. संध्याकाळी भाकरी थापताना ही गंमत सासूबाईंना सांगितली, तर त्या हसल्याच नाहीत. म्हणाल्या, ‘‘मला न्या एकदा तिथं.’’

मग माझ्या लक्षात आलं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मामंजी गेले. त्यांच्या अस्थी आम्ही इथंच, नांदेडच्या गोवर्धन घाटावर सोडल्या होत्या.

ह्यांना चार दिवसांची रजा मिळाली आणि जानेवारीत आम्ही निघालो. रेल्वेनं राजमहेंद्री, तिथून बसनं काकीनाडा आणि पुढं साधारण १८ किलोमीटरवर कोरिंगा. सासूबाईंनी पितळी तांब्यात घाटावरचं पाणी घेतलं होतं. तोंडाला फडकं बांधून सारा प्रवास तो मांडीवर!

त्र्यंबकेश्वरी जन्मलेली आपली गोदावरी १४६५ किलोमीटर चालून इथं सागराला मिळते. लातूरच्या मैत्रिणींनो, तुमची मांजराही वाटेत तिला भेटते बरं का! धवळेश्वरमच्या खाली तिचे फाटे फुटतात. त्यांतली एक गौतमी, आणि गौतमीच्या एका फाट्याकाठी कोरिंगा गाव. एके काळी हे मोठं बंदर होतं. ब्रह्मदेशात हिंदी माणसाला ‘कोरंगी’ म्हणत, ते ह्याच गावावरून. १८३९ सालच्या भयंकर वादळात बंदराची दैना झाली. आता मासे, खेकडे, होड्या आणि दारापुढं वाळत घातलेली जाळी. वासाला पहिल्यांदा मी नाकाला पदर लावला. मग ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्यासमोर मलाच लाज वाटली आणि पदर खाली घेतला.

गावाजवळच खारफुटीचं जंगल आहे. १९७८ साली ते अभयारण्य झालं; सुमारे २३५ चौरस किलोमीटरचं. आत लाकडी फळ्यांची वाट केली आहे. खाली चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी मुळं वर आलेली. चिखलात हवा नाही, म्हणून ही झाडं मुळांनी श्वास घेतात. काही झाडांचं बी तर झाडावरच रुजतं. शेंगेसारखं लांब रोप तयार झालं की मग खाली चिखलात पडतं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लेकीला पायावर उभी करून मगच धाडती की ही!’’ एवढा भूगोल शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

सासूबाईंचं माहेर देगलूरचं, तेव्हा तेलुगू त्यांना येतं. इथलं बोलणं जरा वेगळं, पण धक्क्यावर खेकडे विकणाऱ्या एका बाईशी त्यांचं जमलं. आम्ही गोदावरीच्या वरच्या अंगाचे, हे कळल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे पाणी तुमच्याकडून येतं!’’ मग सांगू लागली : पावसाळ्यात पुराचं पाणी येतं तेव्हा खाडी गोडी होते. उन्हाळ्यात वरून पाणी येत नाही, समुद्र आत शिरतो आणि सगळं खारट होतं. ‘‘थोडं सोडत जा,’’ ती हसत म्हणाली. मला मात्र हसू येईना. आपल्याकडे नळाला पाणी नाही म्हणून आपण कुरकुरतो. ह्या बाईचा हिशेब आपल्याही पुढचा आहे. धरणांत नुसतं पाणी नाही, गाळही अडतो. आणि गाळ कमी आला की हा किनारा समुद्र खातो.

परतताना सासूबाई काठाशी बसल्या. काळा चिखल बोटांवर घेऊन म्हणाल्या, ‘‘ही तर आपल्या रानातली माती.’’ खरंच आहे. ह्या गाळात आपल्या दख्खनची काळी मातीही आहे. मग हळूच विचारलं, ‘‘हे इथवर आले असतील का गं?’’

वाटेत बाभळी, श्रीरामसागर, धवळेश्वरम. काय सांगणार? पण एक गोष्ट मला ठाऊक होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडेच ठेवावे लागतात. ‘‘आई, श्रावणात बाभळीची दारं उघडी असतात,’’ मी म्हटलं. त्यापुढचं सांगितलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि तांब्या सावकाश पाण्यात उपडा केला.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, नाहीतर होडी मिळायची नाही. प्यायचं पाणी जवळ ठेवा. आणि हो, घाटावर निर्माल्य टाकायला जाल तेव्हा निदान प्लास्टिकची पिशवी तरी घरी परत आणा. आमच्या घरी आता निर्माल्य तुळशीच्या कुंडीतच जातं. हा नियम माझा नाही, सासूबाईंचा!

शाळेत परतल्यावर त्या मुलीला मी बोलावलं. म्हटलं, ‘‘पोचतं गं. पण आपण सोडलं तरच.’’