सोडतीच्या अलीकडे

काकू आज पुन्हा विचारत होत्या, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचं काही कळलं का? काका गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा चाळिशीतले. आता अर्ज त्यांचा, वारस काकू, आणि कागदपत्रं सांभाळतो नातू.

मला राग येतो तो रांगेचा नव्हे, रांग लांबवणाऱ्या एका वाक्याचा. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: मालक, महापालिका, म्हाडा. २००१ मध्ये दुरुस्ती आली, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. आता गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? शेड, गोदाम, चिमणी उभी ती जागा वाटणीबाहेर! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. परळचे मॉल त्यानंतर बघावेत.

कामगारांची घरं म्हाडाच्या उरल्यासुरल्या वाट्यातून. मग दीड लाखांहून जास्त अर्ज आणि २०१२ च्या सोडतीत सात हजारांच्या आत घरं. तीही २२५ चौरस फुटांची. तरी ज्यांचा नंबर लागला, त्यांचा हेवा अख्ख्या चाळीला वाटला.

आता सरकार शेलू-वांगणीला घरं देऊ म्हणतंय. म्हणजे बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानावर जमले ते ‘मुंबईतच घर द्या’ म्हणत. हा हट्ट आहे असं आमच्या ऑफिसात एकजण म्हणाला. तो स्वतः लोअर परळला राहतो, टॉवरमध्ये.

काकूंना मी सांगितलं, तारीख जाहीर नाही. त्या म्हणाल्या, “मग भाडेकरार अकरा महिन्यांचाच कर म्हणावं पोराला.”