खालची पट्टी

सबटायटल काढून द्या, असं म्हणत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बिनअक्षरांची प्रत कुणाकडे आहे का? एडिटिंगचा जुना प्रोजेक्ट, कपाटातली हार्ड डिस्क, कॅमेरा चालवणाऱ्या मित्राचा लॅपटॉप. आधी चार फोन करायला लावतो. फिल्म तुमचीच ना, हेही त्याच दमात विचारतो, कारण दुसऱ्याच्या सिनेमावरची अक्षरं पुसून हवी असणारेही येतात. त्यांना टपाल नाक्यावरचा चहा पाजून परत पाठवतो.

सबटायटल सुट्या फाइलमध्ये असेल तर एका बटणाने बंद होतं. बर्न झालेलं, म्हणजे चित्रातच मिसळलेलं असेल तर त्या अक्षरांखाली काहीच दडलेलं नसतं, आणि हे गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात अवघड. पूर्वी ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर तर ते डोळ्यांनी दिसायचं. रसायनाने, पुढे लेझरने, अक्षराच्या आकारात फिल्मवरचा थरच काढून टाकत. तिथून दिव्याचा प्रकाश थेट पडद्यावर पडे. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे बघितलेल्यांना ती पांढरीशुभ्र अक्षरं आठवत असतील. पांढऱ्या धोतरावर आली की गेलीच. फाळक्यांच्या मूकपटांत ही भानगड नव्हती. पाटी वेगळी, चित्र वेगळं. एका भाषेची पाटी कापून दुसरीची जोडली की झालं.

मध्यंतरी एका तरुणाने कॉलेजात असताना केलेली छोटी डॉक्युमेंटरी आणली. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी चिंचपाडा, कोल्ही, कोंबडभुजे या भागात केलेलं शूटिंग. महोत्सवाला पाठवायची म्हणून खाली इंग्रजी सबटायटल बर्न केलेलं, आणि मूळ डिस्क बंद पडलेली. आता ती पुष्पकनगरात त्याच गावकऱ्यांना दाखवायची होती. आगरी बोलणाऱ्यांना इंग्रजी कशाला? पण आवाजात खाडीचा वारा भरलेला आणि बघणारी निम्मी मंडळी कमी ऐकू येणारी, तेव्हा देवनागरीत अक्षरं हवीच होती. त्याचं म्हणणं, इंग्रजी एआयने पुसा, मग त्यावर मराठी टाका.

पुसण्याचे प्रकार आहेत. चित्राची उंची १०८० रेषांची. दोन ओळींचं सबटायटल खालच्या दोनेकशे रेषा खातं. तेवढं क्रॉप करून चित्र मोठं केलं तर कडेच्या माणसांना कात्री लागते आणि सगळंच मऊ पडतं. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधला डीलोगो फिल्टर चौकोनाच्या कडांवरचे रंग आत ओढून भरतो. कोपऱ्यातल्या चॅनेलच्या शिक्क्याला ठीक, पण रुंद पट्टीला लावला की तेलकट बोट फिरवल्यासारखा डाग दिसतो. ब्लर तर मला बघवत नाही. पोलिसांच्या बातमीत शोभतो तो.

खरी कारागिरी दोन सबटायटलांमधल्या फटीत आहे. एक वाक्य जातं, दुसरं यायचं असतं, मध्ये दोन-चार फ्रेम चित्र मोकळं राहतं. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर त्या मोकळ्या फ्रेममधली खालची पट्टी उचलायची, कडा विरळ करायच्या आणि अक्षरांवर बसवायची. ओसरीवर बसून बोलणाऱ्या आजीच्या शॉटला हे असं बसलं की मलाही सांधा सापडेना. मात्र आजीने मांडी बदलली की पट्टी खोटी पडते. गाढी नदीच्या शॉटवर तर हा उपाय चालतच नाही. पाणी एका जागी उभं राहत नाही.

एआय तिथेही काहीतरी भरून देतं, आणि झकास भरतं. माझं भांडण त्या झकासपणाशीच होतं. एका शॉटमध्ये सबटायटलमागे शेताचा बांध होता. यंत्राने तिथे गवत उगवलं, छान हिरवं, जे त्या ठिकाणी कधी नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत मी हे खपवून घेतो. इथे उलव्याचा डोंगर कापला गेलाय, नदीचा प्रवाह वळवलाय, २०२५च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटनही झालं. तो बांध तपासायला आता जाणार कुठे? आणि समोर बसणार ती ज्यांचा तो बांध होता तीच माणसं.

म्हणून रफू सोडून ठिगळ लावलं. इंग्रजीवर काळी, बरीचशी अपारदर्शक पट्टी, आणि तिच्यावर मराठी. पट्टी वाक्याबरोबर येते, वाक्याबरोबर जाते. ती उघडच झाकते. इथे काही होतं हे लपवत नाही. शिवाय देवनागरीला उंची जास्त लागते. वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. मराठीच्या दोन ओळी मोकळ्या बसवल्या की इंग्रजीच्या दोन ओळी आपसूक पट्टीखाली जातात. रोमन अक्षरांच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते ते वेगळंच, त्यामुळे फाइल निघाल्यावर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.

पोराला पट्टी आवडली नव्हती. टीव्हीवरच्या बातम्यांसारखं दिसतं म्हणाला. आजीचा आणि आणखी दोन स्थिर शॉट रफूचे ठेवले, त्यात तडजोड झाली. आगरी वाक्यं त्याच्या आईने तपासली. माझं पुणेरी वळण तिने जागोजागी खोडलं.

दाखवायच्या आधी घरातल्या मोठ्यांना मोबाइलवर बसवलं, तर पट्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तक्रार आली ती अक्षरं बारीक असल्याची. मोठी केली तर दोन ओळींच्या तीन होतात आणि पट्टी बोलणाऱ्याच्या हातांवर चढते. म्हणून सध्या त्याची आई आणि मी वाक्यं छाटतोय.