तणसाचा बोरा

आमच्या कोंढ्यात धान घरी आला की आई बोऱ्यात तणीस भरायला घ्यायची. तणीस म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा. बोरा दाबून भरला की नाटकाची गादी तयार. जेवणं व्हायच्या आतच आम्हा पोरांना त्या बोऱ्यासकट पुढे पिटाळायचे, जागा धरायला. खालून ओल, वरून दव आणि मधे तणसाची ऊब.

कोंढा पवनी तालुक्यातलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. धानाचा पैसा हाती असतो तो तेव्हाच. मंडईची जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, दिवसभर घरात पाव्हणे, पोरीबाळींच्या सोयरिकीच्या गोष्टी आणि रात्री नाटक. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधली वर्षं बैल गोठ्यात राहिले. नाटकं काही थांबली नाहीत.

त्या बोऱ्यावर बसून मी पहिला राजा पाहिला. पहाटे तो मेला तेव्हा मी रडलो होतो. उजाडल्यावर तोच राजा आमच्या विहिरीवर लुंगी लावून उभा. कानामागचा रंग तसाच. ‘बाबू, एक बालटी पानी काढून दे ना गा,’ म्हणाला. बादली मी ओढली, पण दिवसभर त्याच्यावर रागच होता. मेलेल्या माणसाने असं दात घासत उभं राहू नये.

दहावीत गावच्या मंडळाच्या नाटकात मला हवालदार केलं. वाक्यं तीन. दुसऱ्यालाच मी गप्प. प्रॉम्प्टरने ते इतक्या जोरात सांगितलं की पुढच्या बोऱ्यांवरच्या बायांना ऐकू गेलं आणि त्यांतल्या एकीने ते माझ्याआधी म्हणून टाकलं. टाळ्या तिला. माझी नाट्यकारकीर्द तिथेच संपली. बघणारा म्हणून मात्र पक्का झालो.

म्हणूनच ज्यांची कारकीर्द संपत नाही, त्यांचं नवल वाटतं. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळच्या गुरनोलीचे परशुराम खुणे. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या माझ्या एका मित्राने विचारलं, ‘हे कुठल्या सिनेमात होते?’ मी आकडाच सांगितला. पाच हजार प्रयोग म्हणजे किती रात्री उघड्यावर, किती गावांत, याचा हिशेब त्याने करावा.

नोकरीसाठी नागपूरला आलो आणि गाद्यांच्या खुर्च्या मिळाल्या. शहरातलं नाटक दोन अंकी, साडेदहाला घरी. आमच्याकडे त्या वेळेला नुकता पडदा उघडतो. समोर बसलेला ऑर्गनवाला सूर धरतो आणि पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. आरडाओरडा, भडक रंग, मधेच नाच, असं शहरी माणूस नाक मुरडतो. अरे, मैदानाच्या टोकाला बैलगाडीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही त्याच तिकिटात रडायचं असतं! आवाज तिथवर पोचवणं हा आमच्या नटाचा अभिनय.

२०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ आला, झाडीपट्टीवरचा आणि झाडीपट्टीच्याच कलावंतांना घेऊन. मऊ खुर्चीवर बसून तो पाहिला. कॅमेरा तोंडाशी येऊन ठेपतो, तिथे हळू बोलावं लागतं. मैदानात घडलेल्या माणसाला हे जड जात असेल असं वाटलं होतं. माझाच अंदाज चुकला. रात्रभर हजार माणसं जागी ठेवणाऱ्याला एक कॅमेरा काय भारी?

परवा मंडईला गावी गेलो. बोरा शोधला, मिळालाही. भरायला तणीस मिळेना. धान हार्वेस्टरने कापलेला, तणसाचा चुरा बांधीतच पडलेला. खुर्चीचं तिकीट काढलं. शेजारी बसलेल्या काकांनी स्वतःची अर्धी चादर माझ्या गुडघ्यांवर टाकली आणि सांगितलं, ‘राजा चांगला हाये यंदाचा.’

खरंच चांगला होता. यायचं असेल तर दिवाळीनंतर या, मुक्कामाच्या तयारीने. शाल आणा. थंडी पहाटे तीननंतर लागते, आणि राजा मरतो तोही त्याच सुमारास.