पेटीशी डाव

१३ जुलै २०२५, रविवार. वसई गाव

दीर कुवेतहून येताना घेऊन आले होते ती बुद्धिबळाची पेटी आज माळ्यावरून खाली काढली. निमित्त नातीचं. विरारहून दोन आठवड्यांसाठी आली आहे आणि दिवसभर मोबाइलवर बातुमीतला महिलांचा विश्वचषक बघते आहे. नागपूरची दिव्या देशमुख खेळते आहे म्हणून मीही अधूनमधून डोकावते.

पेटी सायटेक कंपनीची, १९९२ चं मॉडेल, नाव जीके २०००. जीके म्हणजे गॅरी कास्पारोव्ह. तेव्हा तो जगज्जेता होता आणि सायटेकच्या यंत्रांवर त्याचं नाव असायचं. सेल काढून ठेवायची शिस्त आमच्या ह्यांची, त्यामुळे आत गंज नाही. पारनाक्यावरून नवे सेल आणले, बटण दाबलं, आणि बिप वाजला! नातीपेक्षा मीच जास्त खूश झाले.

आपण उचललेल्या सोंगटीचं घर दाबायचं, मग जिथे ठेवणार ते घर दाबायचं. पेटीची चाल आली की पटाच्या कडेचे दोन दिवे लागतात, एक उभ्या पट्टीचा, एक आडव्या. दोन्ही रेघा मिळतील त्या घरातली सोंगटी आपणच उचलायची.

"म्हणजे त्याची चालपण मीच खेळायची?" नात म्हणाली. "आजी, हा तर आजोबांसारखा. बसल्या जागी हुकूम."

१५ जुलै

नात तीन डाव हरली. मोबाइलमधल्या इंजिनाकडून ती रोज हरते, त्याचं तिला काही वाटत नाही. पेटीकडून हरली की चिडते. मला हे बरं लक्षण वाटतं.

आतला प्रोग्रॅम फ्रान्स मॉर्श या डच माणसाचा, चिप हिताचीची एच८. सगळं बुद्धिबळ त्या एका चिपच्या पोटात. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो त्याहून कितीतरी जास्त जागा खातो. याच मॉर्शचा 'फ्रिट्झ' हा पीसीवरचा प्रोग्रॅम १९९५ साली हाँगकाँगला संगणकांचा जगज्जेता झाला, आणि तोही साध्या पेंटियमवर. तिथे त्याने आयबीएमच्या यंत्राला हरवलं. ते यंत्र 'डीप ब्लू प्रोटोटाइप' या नावाने उतरलं होतं. दोनच वर्षांनी खुद्द डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं ते सगळ्यांना पाठ आहे. हाँगकाँग कुणाच्या लक्षात नाही.

फ्रिट्झमधली एक युक्ती मला गणिताची शिक्षिका म्हणून फार आवडते. फांद्या मोजता मोजता प्रोग्रॅम स्वतःची पाळी मुद्दाम सोडून बघतो. समोरच्याला सलग दोन चाली दिल्या तरी आपलंच पारडं जड राहत असेल, तर त्या फांदीत आणखी खोल उतरण्यात अर्थ नाही. वेळ वाचतो, तो दुसऱ्या फांदीवर खर्च होतो. फक्त डावाच्या शेवटी, जिथे 'कोणतीही चाल केली तरी आपलंच नुकसान' अशी स्थिती येते, तिथे ही युक्ती फसते, म्हणून ती तिथे बंद ठेवावी लागते.

१८ जुलै

शेजारचे काका आले. वय नव्वदीकडे. त्यांनी लहानपणी वडिलांकडून जुन्या देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेलं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि राजाला शह बसण्याआधी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. पेटीसमोर बसले, चार चाली झाल्या, आणि राजाची थेट घोड्यासारखी उडी. पेटीने बिप केला. काकांनी घर पुन्हा दाबलं. पुन्हा बिप.

"हिला कायदा कोणी शिकवला?"

"एका डच माणसाने," मी म्हटलं.

"मग बरोबर," काका म्हणाले आणि नातीशी साध्या पटावर आपल्या पद्धतीने खेळले. जिंकले. नात म्हणते, ही उडी इंजिनाला शिकवली पाहिजे.

२० जुलै, रविवार

पाऊस थांबायला तयार नाही. जुन्या वहीत पेट्यांची टिपणं सापडली, नातीला वाचून दाखवली.

दुकानात विकत मिळणारी पहिली बुद्धिबळपेटी १९७७ ची, अमेरिकेतल्या फिडेलिटीची 'चेस चॅलेंजर'. प्रोग्रॅम रॉन नेल्सनचा. मग म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लेझरची 'मेफिस्टो' आली आणि रिचर्ड लँगच्या प्रोग्रॅमच्या जोरावर ऐंशीच्या दशकात तिने लहान संगणकांच्या जागतिक स्पर्धा एकापाठोपाठ जिंकल्या. त्या पेट्यांची लाकडी रूपं इतकी महाग की आपल्याकडे त्या फक्त परदेशी मासिकांतल्या जाहिरातीत दिसायच्या. १९९४ मध्ये सायटेकने हेगेनर अँड ग्लेझर विकत घेतली. पीसी घरोघर आले आणि पेट्यांचा धंदा आटला.

फिडेलिटीने १९७९ मध्ये बोलणारी पेटीही काढली होती. मला ते वाचताना चारुदत्त जाधव आठवले. तेराव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी गेलेला हा मुंबईचा माणूस अंधांच्या बुद्धिबळात राष्ट्रीय विजेता झाला, अंध खेळाडूंची अखिल भारतीय संघटना उभारली, आणि अंधांना संगणकावर खेळता यावं म्हणून 'टॉक ६४' हे बोलणारं सॉफ्टवेअर केलं. मुंबईच्याच भव्य गोहिल आणि आतुर मेहता यांनी २०१६ मध्ये किकस्टार्टरवर 'स्क्वेअर ऑफ' मांडला. हा पट पटाखालच्या चुंबकाने सोंगट्या स्वतः सरकवतो, म्हणजे नातीची तक्रार त्याने मिटवली असती. मूळ कल्पना अंध खेळाडूंसाठीच होती.

तरी माझं मत: सोंगटी आपण हलवावी. यंत्राची वाईट चाल स्वतःच्या बोटांनी करताना ती नीट कळते.

२४ जुलै

दिव्यांची अमावस्या, आणि संध्याकाळी लाइट गेली. आमच्याकडे पावसाळ्यात हे नवीन नाही. समया घासूनपुसून मांडल्याच होत्या. मोबाइलची बॅटरी संपली तशी नात पेटीकडे वळली.

काल दिव्याने चीनच्या माजी जगज्जेत्या तान झोंगयीला उपांत्य फेरीत हरवलं. डाव १०१ चालींचा. आज नात त्याच हट्टाने खेळली. मध्ये पेटीचं विचित्र वागणं सुरू झालं. तिचा हत्ती जाणार हे ठरलेलंच होतं, पण तिने आधी एक प्यादं फुकट देऊन शह दिला, मग दुसरं प्यादं.

"आजी, हिला वेड लागलं."

वेड नाही. ही फक्त ठरावीक चालींपर्यंतच पुढे बघू शकते. मधे फुकटची चाल घातली की हत्तीचं मरण तिच्या नजरेपलीकडे ढकललं जातं आणि तिला वाटतं संकट टळलं. याला हान्स बर्लिनरने 'होरायझन इफेक्ट' म्हटलं. नातीला तो कळला आणि तिने पुढच्या डावात मुद्दाम तसाच सापळा लावला, खोल, पेटीच्या नजरेपलीकडचा. जिंकली. समईच्या उजेडात उड्या.

स्टॉकफिशविरुद्ध हे जमणार नाही. २००८ ला सुरू झालेलं हे मोफत इंजिन २०२० पासून न्यूरल नेटवर्कही वापरतं. त्याच्या खोडी आपल्याला दिसत नाहीत, म्हणून त्याच्याशी ओळखही होत नाही. पेटीशी होते. आमच्याकडची १९९२ पासून जशी आहे तशीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही, आणि तिचा स्वभाव आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

२८ जुलै, सोमवार

दिव्या जिंकली. अंतिम फेरीचे शनिवार-रविवारचे दोन्ही डाव बरोबरीत. पहिल्यात तिला मोठी संधी आली होती, ती निसटली. आज टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवलं. एकोणिसाव्या वर्षी विश्वचषक आणि त्यासोबत भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ही पदवी. आमच्या घरात ओरडा झाला आणि शेजारचे काका काठी घेऊन बघायला आले.

मला खटकली ती पडद्याच्या कडेची, इंजिनाच्या मते कोणाचं पारडं जड ते दाखवणारी काळी-पांढरी पट्टी. हम्पीने घड्याळाच्या ओढाताणीत चुकीची चाल केली, पट्टी खाली कोसळली, आणि बघणारे लाखो लोक एका क्षणात हम्पीहून हुशार झाले. "हे तर मला पण दिसलं असतं," नातीने म्हटलं. मी तिला तीच स्थिती पेटीवर मांडायला लावली आणि मोबाइल काढून घेतला. दहा मिनिटं विचार करून तिने एक चाल केली. पेटीने दिवे लावले. ती चाल वाईट होती.

"हम्पीच्या घड्याळात किती वेळ होता?" मी विचारलं.

उत्तर न देता तिने सोंगट्या पुन्हा मांडल्या.